हजेरीत तिच्या नावापाशी थांबा

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: यंदा वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडणं) असलेली एक मुलगी आली आहे. तिला अपंग म्हणायचं, दिव्यांग म्हणायचं, की ‘विशेष गरजा असलेली’? आणि शब्द बदलल्याने तिच्या आयुष्यात खरंच काही बदलतं का, की हा शहरातल्या लोकांचा वाद आहे?

सर, बदलतं. पण तुम्ही विचारलेल्या शब्दाने जेवढं बदलतं, त्याच्या कितीतरी पट बाकीच्या बोलण्याने बदलतं, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. मी विशेष शिक्षिका आहे. तालुक्यातल्या शाळा, घरभेटी, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांची शिबिरं हे माझं रोजचं काम. म्हणून आधी त्या बाकीच्या बोलण्याबद्दल सांगते, मग तुमच्या शब्दाकडे येते.

एका शिबिरात पस्तिशीचे एक गृहस्थ रांगेत होते. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही काखेत कुबड्या, गावात स्वतःचं किराणा दुकान. सोबत धाकटा भाऊ, मोटरसायकलवरून घेऊन आलेला. टेबलामागच्या माणसाने कागद हातात घेतले आणि भावाकडे बघून विचारलं, “ह्याला कधीपासून आहे?” मग, “शाळेत गेला होता का हा?” मग, “सही येते का ह्याला, का अंगठा घ्यायचा?” गृहस्थ समोर उभे. रोज उधारीची वही लिहिणारे. भावानेही सवयीने उत्तरं दिली. सगळ्या कामात थेट त्यांच्याशी बोललेलं एकच वाक्य होतं: “ए, फोटोला मान वर कर.”

कुणी शिवी दिली नाही. ‘लंगडा’ हा शब्दही कुणी काढला नाही. भिंतीवरच्या फलकावर ‘दिव्यांग बांधवांचे स्वागत’ होतं. तरी दोन मिनिटांत तो माणूस बोलण्यातून बाद झाला. एरवी त्या वयाच्या दुकानदाराला कुणीही ‘अहो शेठ’ म्हटलं असतं. कुबड्या दिसल्या की ‘अहो’चं ‘ए’ होतं आणि बोलणं शेजारच्याकडे वळतं. तुम्ही एसटी स्टँडवर, बँकेत, लग्नाच्या मांडवात नीट कान देऊन बघा. साठीच्या अंध बाबांना पोरसवदा कंडक्टर ‘कुठं जायचंय रे ह्याला?’ म्हणून शेजारच्या माणसाला विचारताना ऐकू येईल.

आता आपल्या भाषेतली एक गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात खोल जाते. मराठीत आपण लहान लेकराला ‘ते’ म्हणतो. ‘ते झोपलंय’, ‘ते रडतंय’. त्यात माया असते. पुढे ते लेकरू मोठं होतं आणि ‘तो’ किंवा ‘ती’ होतं. अपंग माणसाच्या बाबतीत हा बदल पुष्कळदा होतच नाही. ‘ते मुकं आलं बघ.’ ‘त्या खुळ्याला वाढ आधी.’ ‘ते आंधळं कुणाचं?’ चाळिशी उलटली तरी ‘ते’च. आपली म्हणसुद्धा तशीच आहे, आंधळं दळतं. दळणारा किंवा दळणारी कोण, याच्याशी म्हणीला घेणंदेणं नाही.

याचा परिणाम नुसता कानाला खटकण्यापुरता राहत नाही. ज्याला घर ‘ते’ म्हणतं, त्याच्या लग्नाचा विषय निघत नाही. वाटणीच्या वेळी त्याला बोलावत नाहीत, ‘त्याचं आम्ही बघू’ म्हणतात. मतदानाला नेतात ते बटण कुठलं दाबायचं हे सांगूनच. मुलगी असेल तर पाळी येणार हे तिला आधी कुणी सांगत नाही, कारण ‘तिला काय कळतंय.’ 1994 साली महाराष्ट्रात काय झालं ते विसरता येत नाही. शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुली आणि स्त्रियांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या. पाळीतली स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असं कारण दिलं होतं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. हे करणारे कुणी राक्षस नव्हते. शिकलेली माणसं होती, आणि आपण त्यांच्या सोयीचंच करतोय असं त्यांना वाटत होतं. ज्यांना आपण मनातून ‘बाई’ समजतो, त्यांच्या बाबतीत असं कारण तोंडातून निघालं असतं का? आज 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने, माणसाच्या स्वतःच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करायला मनाई केली आहे. कायद्याला हे लिहावं लागलं.

म्हणून तुमच्या वर्गात पहिली गोष्ट: ती ‘ती’ आहे. ‘ते पोर’, ‘ते लेकरू’, ‘ते बिचारं’ हे तिच्या वाट्याला नको, मायेनेही नको. तिसरीतल्या बाकी मुलींना तुम्ही जसं म्हणता तसंच तिला.

‘बिचारी’बद्दल थोडं जास्त बोलते, कारण शाळेत सगळ्यात जास्त नुकसान हा शब्द करतो आणि तो चांगल्या मनाच्या माणसांच्या तोंडी असतो. “तिला सांभाळून घ्या हं, बिचारी आहे” असं बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं की वर्गाला कळतं, ही आपल्यातली नाही. मुलं मग तिला खाऊ देतात, दप्तर उचलतात, पण खेळायला घेत नाहीत, भांडत नाहीत. आठ वर्षांच्या मुलीशी कुणीच भांडत नसेल तर तिला मैत्रीण नाही असं समजा. पोषण आहाराच्या पंगतीत ती कुठे बसते ते बघा. मदतनीस ताईंजवळ, भिंतीकडेला बसत असेल, तर वर्गाने तो शब्द बरोबर ऐकला आहे.

‘देवाघरचं फूल’, ‘देवाने पाठवलेलं लेकरू’ हेही त्याच घरातलं. आणि त्याच तोंडून दुसरीकडे ‘मागच्या जन्मीचं’ किंवा ‘हिच्या आईने ग्रहण पाळलं नाही’ हे येतं. घरभेटीला गेल्यावर ग्रहणाची गोष्ट मी इतक्या ओसऱ्यांवर ऐकली आहे की आता ती निघण्याआधीच आईच्या चेहऱ्यावर दिसते. गरोदरपणी विळी हातात धरली, भाजी चिरली, म्हणून लेकरू असं झालं. सासू बोलते, शेजारीण बोलते, आणि आई मान खाली घालून ऐकते. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा नंतरच्या लहान वयात झालेली इजा. त्यामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडतो. ती वाढत जात नाही, शिवल्याने होत नाही, आणि आईने भाजी चिरल्याने तर नाहीच. पालकसभेत तुम्ही हे चार लोकांत, सरळ आवाजात सांगितलंत, तर त्या आईच्या डोक्यावरचं ओझं तुम्ही काही अंशी उतरवाल. माझ्यापेक्षा तुमचं गाव जास्त ऐकतं, कारण तुम्ही त्यांचे गुरुजी आहात.

कौतुकाची भाषाही तपासा. दहावीच्या निकालाच्या दिवशी छापून येतं, ‘अपंग असूनही 82 टक्के’. त्या ‘असूनही’मध्ये असं गृहीत आहे की अडचण तिच्या शरीरात होती. लेखनिक वेळेवर मिळाला नाही, परीक्षा केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं, शाळेला रॅम्प आहे पण त्याच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या, यातलं काहीच बातमीत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 च्या निकालात चित्रपटांतल्या अपंगांच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शन केलं, त्यात हाच मुद्दा आहे: ‘पीडित’, ‘ग्रस्त’ अशा अर्थाची भाषा सगळा दोष त्या एका व्यक्तीकडे नेते आणि समाजाने उभे केलेले अडथळे नजरेआड करते. ‘ग्रस्त’ हा शब्द तर मराठीत कशालाही लागतो. पोलिओग्रस्त, अपंगत्वग्रस्त. तुमच्या अहवालात तो नको.

आता तुमचा मूळ प्रश्न, नाव कुठलं.

नावं बदलत आली आहेत आणि त्याला चांगली कारणं होती. ‘मूकबधिर’ हा शब्द अजून कितीतरी शाळांच्या पाट्यांवर आहे. पण ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचा कंठ धडधाकट असतो. बोली कानावर पडत नाही म्हणून ती उमटत नाही, आणि खुणांची भाषा मिळाली की हीच मुलं भरभरून बोलतात. त्यामुळे ‘मूक’ ही चुकीची माहिती आहे. कर्णबधिर म्हणा. ‘मतिमंद’ हा शब्द ‘खुळा’, ‘वेडा’ यांच्या जागी सभ्य म्हणून आला, आणि मैदानावर त्याचं ‘ए मंद’ झालं. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात त्या अर्थाची इंग्रजी संज्ञा होती. 2016 च्या कायद्याने ती काढून ‘बौद्धिक अक्षमता’ आणली आणि अपंगत्वाचे प्रकार सातांवरून 21 केले. सेरेब्रल पाल्सीचंच घ्या. मुंबईत 1972 साली सुरू झालेल्या संस्थेचं नाव होतं स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया. ‘स्पॅस्टिक’ म्हणजे स्नायू ताठरलेले, वैद्यकातला साधा शब्द. इंग्रजीत त्याची शिवी झाली. पुढे संस्थेने नाव बदलून ‘अडॅप्ट’ केलं.

डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द सुचवला, पुढच्या वर्षी केंद्राच्या खात्याने तो घेतला. 2022 च्या डिसेंबरात महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अनेकांना हा शब्द तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. त्यांचं म्हणणं असं की आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला बसमध्ये चढता यावं एवढंच हवं आहे. मलाही ते पटतं. दुसरीकडे, ज्या बापाला आयुष्यभर ‘लंगड्याचा बाप’ म्हणून हाक मारली, तो ‘दिव्यांग’ शब्द जपून उच्चारतो, हेही मी बघते. त्याच्याकडून तो काढून घेणारी मी कोण? म्हणून माझी रीत अशी आहे: सरकारी कागदावर ‘दिव्यांग’, कारण तिथे तोच चालतो. माझ्या स्वतःच्या लिहिण्यात ‘अपंग’ किंवा ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’. आणि समोर माणूस असेल तर त्याला रुचेल तो.

पण नाव बदललं की वागणूक बदलते, या भरवशावर राहू नका. ‘दिव्यांग आहेस का तू?’ हे मधल्या सुट्टीतलं चिडवणं माझ्या कानावर येऊन गेलं आहे. शब्दाखालचं काही हललं तरच नवा शब्द टिकतो. महाराष्ट्राने हे कुष्ठरोगाच्या बाबतीत पाहिलं आहे. ‘महारोगी’ म्हटलं की गावाबाहेर, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, तिथे या माणसांनी शेती केली, माग चालवले, घरं बांधली. 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. 1898 चा कुष्ठरोग्यांचा कायदा 2016 मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण 2019 मध्ये वैयक्तिक कायद्यांतून काढलं. औषध, काम, कायदा हे सगळं हललं. आज तिशीतल्या पोरांना ‘महारोगी’ शब्दाची ती जुनी धास्ती माहीतही नसते. नुसता ‘कुष्ठरुग्ण’ म्हणायला लागून हे झालं नसतं.

एक उलटी बाजू आहे. काही घरांत, काही शाळांत शब्द टाळायचा म्हणून काहीच म्हणत नाहीत. “काही नाही हो, जरा लाजाळू आहे.” “मोठी झाली की सुटेल.” आईवडिलांना ‘शिक्का’ बसेल याची भीती असते. थोरल्या बहिणीचं लग्न व्हायचं असतं आणि स्थळाच्या पत्रिकेत ‘निर्व्यंग कुटुंब’ विचारतात. ती भीती खोटी नाही, तिला हसू नका. पण प्रमाणपत्र काढलं नाही तर 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाला मिळणारं 6 ते 18 वयातलं मोफत शिक्षण, प्रवास आणि मदतनीस भत्ता, पुढे बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ, हे सगळं हातचं जातं. पालकांना मी एवढंच सांगते की हा कागद कपाटात ठेवायचा आणि ऑफिसात दाखवायचा आहे, कपाळावर लावायचा नाही. आणि शिक्षकांनाही सांगते, की कागदावरचा आकडा तिथेच राहू द्या. ‘तो ऐंशी टक्क्यांचा आहे’, ‘माझ्या वर्गात दोन सीडब्ल्यूएसएन (म्हणजे विशेष गरजा असलेली मुलं) आहेत’ ही स्टाफरूममधली भाषा वर्गापर्यंत पोचायला आठवडाही लागत नाही.

वर्गात काय करायचं ते आता सांगते.

सकाळची हजेरी. बाकी मुलं नाव येताच ‘हजर’ म्हणतात, अर्ध्या सेकंदात. हिला ओठ जुळवायला, श्वास धरायला वेळ लागणार. बहुतेक वर्गांत काय होतं? शिक्षक बघतात, मुलगी बसलेली दिसते, खूण करतात आणि पुढचं नाव घेतात. किंवा शेजारची मुलगी ओरडते, “आलीय, सर!” वर्षाच्या दोनशेवर दिवसांत रोज सकाळी सगळ्या वर्गाला कळतं की हिच्या उत्तराची वाट बघायची नसते. तर तुम्ही तिच्या नावापाशी थांबा. पेन उचललेलं ठेवा, तिच्याकडे बघा, चेहऱ्यावर घाई नको. पाच सेकंद, सात सेकंद लागतील. पहिल्या आठवड्यात मुलं चुळबुळ करतील, कुणी तिच्यासाठी बोलेल. त्याला रागवू नका, “तिला विचारलंय, ती सांगेल” एवढंच म्हणा. आवाज निघाला नाही तर हात वर करणं, बाकावर थाप मारणं, पापणी मिटणं, जे तिला जमतं ते तिच्याशी ठरवून घ्या. ते ठरवताना तिच्या आईशी बोला, पण तिच्यासमोर, आणि प्रश्न तिलाच करा.

हेच पुढे धड्यावरच्या प्रश्नोत्तरांत चालवा. तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. कळलं नाही तर “मला कळलं नाही, परत सांग” म्हणा. कळल्यासारखी मान हलवली तर तिला लगेच समजतं. चित्रांचा एक तक्ता करून घ्या: पाणी, लघवी, नको, मला येतं, मला नाही कळलं, थांबा, गंमत आली, राग आला. ‘राग आला’ आणि ‘नको’ विसरू नका, पुष्कळ तक्त्यांत ते नसतात. सेरेब्रल पाल्सीत बोलणं अडखळतं म्हणून बुद्धी कमी असते असं अजिबात नाही. कित्येकांची बुद्धी तुमच्या-माझ्यासारखीच असते, आणि हे न ओळखता त्यांना वर्षानुवर्षं पहिलीच्या अक्षरांवर बसवून ठेवतात.

मुलं विचारतील, “सर, तिला काय झालंय?” गप्प बस म्हणू नका. तो प्रश्न निर्मळ असतो, आपण दटावतो तेव्हा तो लाजिरवाणा होतो. आधी तिला आणि घरच्यांना विचारून ठेवा की काय सांगितलेलं चालेल. मग साधं सांगा: तिच्या मेंदूकडून हातापायांना आणि जिभेला निरोप नीट जात नाही, म्हणून हलायला आणि बोलायला वेळ लागतो, तिला तुमचं सगळं ऐकू येतं आणि कळतं. झालं, पुढे गणित.

म्हणींच्या मागे लागू नका. पाठ्यपुस्तकात ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ आली तर शिकवा, फक्त ती म्हणताना वर्गाच्या नजरा कुठे वळतात हे तुम्हाला ठाऊक असू द्या. मैदानावरची लंगडीही बंद करायची गरज नाही. तिला गडी बाद झालेले मोजायला आणि निवाडा द्यायला बसवा, आणि निवाडा तिचाच चालेल हे आधी सांगून ठेवा. भांडणं होतील. होऊ द्या.

शेवटचं, तुमच्या वहीबद्दल. वर्णनात्मक नोंदी तुम्ही लिहाल त्या पुढच्या वर्षी चौथीच्या शिक्षकांच्या हातात जातील, आणि मुलीला भेटण्याआधी ते त्या वाचतील. ‘बोलता येत नाही, लिहिता येत नाही, मंद प्रगती, आई सहकार्य करते’ अशी नोंद मी पानापानांवर पाहिली आहे. अशी नोंद वाचून कुठलाही शिक्षक तिला मागच्या रांगेत बसवेल, त्याला दोष कसा देणार? त्याऐवजी ती काय करते आणि कशाच्या मदतीने करते ते लिहा. ‘प्रश्न विचारल्यावर सात-आठ सेकंद दिले की तोंडी उत्तर देते. चित्रतक्त्यावर तीन चित्रं जोडून वाक्य सांगते. जाड पेन्सिल आणि चिकटवलेला कागद असला की अंक लिहिते. दोन अंकी बेरीज मनात करते, उत्तर बोटाने दाखवते. दुपारी थकते, अवघड काम सकाळी द्यावं. गोष्टीतल्या विनोदावर सगळ्यांच्या आधी हसते.’ आणि नोंदीत तिचं नाव लिहा, ‘सदर विद्यार्थिनी’ नको.